चार पावलं पुढे

नाशिक, गंगापूर रोड
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय सुवर्णा,

धवल फराळाचा डबा देऊन गेला, त्यात अनारशांच्या खाली तुझं पत्र मिळालं. थोडं तुपकट झालं होतं, पण वाचता आलं. तुझ्या मुलाला वाटत असेल, आईचं काय हे खूळ, नाशिकच्या मैत्रिणीला या काळात पत्रं लिहिते. फोन केला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मोबाइलवर पाठवलेलं तुझ्या घरात चौघं वाचतात, हे त्याला कोण सांगणार? शिवाय शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी दर शनिवारी तास घेऊन आपल्याला पत्रं लिहायला शिकवली, ते काय वाया घालवायचं?

मी बरी आहे. नवरात्रात अष्टमीला छातीत दुखलं तेव्हा वाटलं, संपलं. दोन स्टेंट घातले. आता आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात व्यायामाला जाते. तिथे आरोही नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या लेकीहून, तेजश्रीहूनही लहान. मला आजी म्हणते. "आजी, डॉक्टरांनी नळ मोकळा करून दिला. पाणी वाहतं ठेवायचं काम तुमच्या पायांचं." रोज अर्धा तास चालायचं, मग वाढवत चाळीस मिनिटं. किती जोरात, विचारलं तर म्हणाली, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं म्हणजे चाल कमी पडते, बोलता आलं नाही म्हणजे जास्त होते. बरोबरच्या माणसाने दर पाच मिनिटांनी विचारायचं, "बोलता येतंय ना?"

आता बरोबरचं माणूस म्हणजे विश्वेश. ते कसे चालतात ते तुला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्यांदा येवल्याला आलो होतो तेव्हा तू सासूबाईंसमोरच मला म्हणालीस, "हे तुला सोडून चाललेत की तू त्यांचा पाठलाग करतेयस?" चाळीस वर्षं मी त्यांची पाठ बघत चालले गं. बाजारात, लग्नांत, काश्मीरला गेलो तिथेही. चार पावलं पुढे, मान ताठ, मागे बघणं नाही. घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं. लहानपणी वडील त्यांना यजमान आणायला नाशिकरोड स्टेशनवर पाठवायचे आणि बजावायचे, पुढे चालायचं, वळून बघायचं नाही. वळून बघितलं की यजमानाला कळतं आपली गरज आहे, मग तो दुसऱ्या कोणाच्या मागे जातो. पुढे हे पाटबंधारे खात्यात लागले, निवृत्त झाले, पण चाल तीच राहिली.

परवा पहिल्यांदा गोदाकाठच्या ट्रॅकवर गेलो. हे नेहमीसारखे पुढे. पाच मिनिटं झाली की घड्याळ बघून मागे यायचे, "बोलता येतंय ना?" मी हो म्हटलं की पुन्हा पुढे. तिसऱ्या खेपेला वैतागून म्हणाले, "हे काही खरं नाही. यात माझं चालणं दुप्पट होतंय." आणि सुवर्णा, ते माझ्या बाजूने चालायला लागले.

मला हाताचं काय करावं तेच कळेना. शाळेत चॅपलला जाताना आपण उंचीप्रमाणे जोड्या करून हात धरून जायचो ना, तसं काहीतरी झालं. माझ्या जोडीला तू असायचीस. त्यानंतर इतक्या वर्षांत माझ्या बाजूने कोणी चाललंच नव्हतं, हे मला त्या ट्रॅकवर कळलं.

तुझी
सुधा


येवला
२९ नोव्हेंबर २०२३

सुधे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा रडले. आमच्याकडे बाजूने चालायचा प्रश्नच येत नाही, कारण आमचे हे चालतच नाहीत. घर ते पैठणीचं दुकान, मध्ये एक गल्ली, तिथेही स्कूटर. मी म्हटलं, सुधाला चालायला सांगितलंय, तुम्हीही चाला. तर म्हणे, "मी चालताना कोणी बघितलं तर त्यांना वाटेल स्कूटर विकली."

धवलकडे या पत्राबरोबर तीन बाटल्या दिल्या आहेत. त्याच्या मेडिकलमध्ये नवीन आल्यात. ई, सी आणि आणखी काहीतरी, अँटिऑक्सिडंट म्हणतात. कंपनीचा माणूस सांगत होता, हृदयाच्या नळ्यांना आतून गंज लागतो तो या काढतात. आपलं लोखंडाचं कपाट सिस्टर पॉलिश करून घ्यायच्या, तसं काहीसं असेल. रोज एक घे. पैशाचं बोलशील तर बाटल्या परत मागवीन.

आणि हे बघ, विश्वेशराव बाजूने चालतात तर गप्प चालू नकोस. चाळीस वर्षांचं साचलंय ते बोलून घे.

सुवर्णा


नाशिक
१२ जानेवारी २०२४

प्रिय सुवर्णा,

आधी तुझ्या बाटल्यांचं सांगते, रागावू नकोस. डॉक्टरांना दाखवल्या. ते म्हणाले, या गोळ्यांवर हजारो लोकांना घेऊन मोठमोठ्या चाचण्या झाल्यात, हृदयरोग्याला त्यांचा फायदा दिसलेला नाही. पेरू खा, आवळा खा, पालेभाजी खा, आमची औषधं चुकवू नका आणि चालणं सोडू नका. मी बाटल्या कपाटात ठेवल्या. विश्वेशने काढल्या. "तुझ्या मैत्रिणीने प्रेमाने पाठवल्यात, फुकट कशाला घालवायच्या? मी घेतो. माझ्याही नळ्या घासून निघतील." आता रोज दुधाबरोबर एक घेतात आणि मला डोळा मारतात. एकोणसत्तराव्या वर्षी!

पण तुला खरं लिहायचंय ते वेगळंच. सुवर्णा, ते बोलतात. चाळीस मिनिटं, रोज. मला वाटायचं माझा नवरा अबोल आहे. तसं काही नाही गं. चार पावलं पुढे असलेल्या माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडायला लागतं, म्हणून आम्ही कधी बोललोच नाही. त्यांनी सांगितलं, लहानपणी एकदा स्टेशनवरून ते एका म्हाताऱ्या जोडप्याला घेऊन निघाले. वडिलांनी सांगितल्याप्रमाणे वळून बघितलं नाही. रामकुंडावर पोचून बघतात तर मागे कोणीच नाही. ती दोघं वाटेत कुठे मागे पडली, कोणाबरोबर गेली, कधी कळलं नाही. त्या दिवशी घरी जेवायला मिळालं नाही. मी विचारलं, "मग तरी वळून बघायला लागला नाहीत?" म्हणाले, "उलट. त्यानंतर तर मागे कोणी आहे का ते बघायची भीतीच वाटायला लागली."

मी रस्त्यात थांबले. चाळीस वर्षं मी समजत होते, या माणसाला माझी पर्वा नाही.

त्यांनी लगेच घड्याळ बघितलं. "काय झालं? बोलता येतंय ना?"

येत नव्हतं, पण ते हृदयामुळे नव्हे.

तुझी
सुधा


येवला
२ फेब्रुवारी २०२४

सुधे,

बाटल्यांबद्दल मी धवलला फैलावर घेतलं. तो म्हणतो, "मम्मी, मी कुठे म्हटलं औषध आहे? लोक मागतात म्हणून ठेवतो." म्हणजे बघ.

ते म्हाताऱ्या जोडप्याचं वाचून मला रात्रभर चुटपुट लागली. गेली असतील कुठे बिचारी? पण तुझं हे जे चाललंय ना, ते असंच चालू दे. तुझ्या अक्षरात फरक पडलाय. नववीत निबंधाला पहिला नंबर आला होता तेव्हा तुझं अक्षर असं गोल गोल व्हायचं.

पिंकी, म्हणजे सूनबाई, म्हणते, "तुमच्या मैत्रिणीला विचारा, नवऱ्याला बाजूने चालायला लावायचं तर आधी ॲटॅकच यायला पाहिजे का?" वाह्यात आहे, पण खोटं बोलत नाही.

सुवर्णा


नाशिक
४ मार्च २०२४

प्रिय सुवर्णा,

पिंकीला सांग, दुसरा उपाय सापडला की कळवते.

आमचं चालणं नियमित चालू आहे. विश्वेशच्या बुटाची लेस मात्र सारखी सुटते. दहा पावलं गेलो की थांबतात, वाकून बांधतात, जरा उभे राहतात, मग निघतात. मी चिडवलं, "तुम्हाला इतक्या वर्षांत गाठ मारता येईना?" शेवटी त्यांच्या वाढदिवसाला बिनलेसचे बूट आणले. आता लेस नाही, तर नदी बघत थांबतात. म्हटलं, "रामकुंडावर जन्मलात, नदी आज दिसली होय?" हसले फक्त.

आणि हल्ली ते बोलत नाहीत, ऐकतात. मी बोलते, शाळेचं, आईचं, तुझं, आपण डब्यातल्या पोळ्या बदलायचो ते, आणि ते मान हलवत ऐकतात. बायकोचं ऐकून घेणारा नवरा किती जणींना मिळतो सांग? दर पाच मिनिटांनी मात्र विचारतात, ते चुकत नाही. "बोलता येतंय ना?" मी म्हणते, "बोलतेच तर आहे!"

एक गंमत, कोणाला सांगू नकोस. चाल इतकी हळू झालीय की मला आता गाता येतं. खरंच. परवा मी चॅपलमधलं एक गाणं अख्खं म्हटलं. आरोहीने हाताला बांधायला दिलेल्या घड्याळातले चालीचे आकडे तिला दाखवायचे असतात, ते मी दोन आठवडे दाखवलेच नाहीत. ती म्हणेल, आजी, वाढवा. पण वाढवलं तर ते पुन्हा पुढे जायला लागतील अशी मला धास्ती वाटते. त्यांना वाटतं मला दम लागेल, म्हणून माझ्यासाठी इतकं हळू चालतात. चार पावलं पुढे असणारा माणूस माझ्यासाठी हळू चालतो गं. ते मी आरोहीच्या घड्याळासाठी कशी सोडू?

धवलला म्हणावं, आणखी दोन बाटल्या पाठव. विश्वेश मागताहेत. त्यांना त्या लागू पडल्यात म्हणे.

तुझी
सुधा


येवला
११ मार्च २०२४

सुधे,

घाईत लिहिते. सोमवारी, अठराला, माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्याच्या तपासण्यांना पळतेय. बाटल्या धवल पाठवेल.

खाली एक ओळ लिहून खोडली आहे. ती वाचायचा प्रयत्न करू नकोस, वेड्यासारखं काहीतरी लिहिलं होतं. तू सुखात आहेस ते वाचून बरं वाटतं.

सुवर्णा


नाशिक
६ एप्रिल २०२४

सुवर्णा,

तेरावं झालं. तेजश्री कालच बंगळूरला गेली. तुझ्या डोळ्याला पट्टी होती म्हणून तू येऊ शकली नाहीस, धवल येऊन गेला. त्याने तुला सांगितलंच असेल, पण मला माझ्या हाताने लिहायचंय. दुसऱ्या कोणाला मी हे सांगितलेलं नाही.

अठराला सकाळी नेहमीसारखे गेलो. उन्हाळ्याच्या दिवसांत लवकर जायचो, साडेसहा झाले होते. त्यांनी एकदा विचारलं, बोलता येतंय ना. मी पांडवलेण्यांच्या सहलीचं सांगत होते, सिस्टर बेनेडिक्टा पायऱ्या चढताना चप्पल हातात घेऊन कशा धावल्या ते. ते थांबले. म्हणाले, "तू पुढे हो. मी आलोच."

तू पुढे हो. चाळीस वर्षांत त्यांनी मला हे कधी म्हटलं नव्हतं. आणि मला, सुवर्णा, गंमत सुचली. मी मान ताठ केली, हात मागे घेतले, अगदी त्यांच्यासारखी, आणि त्यांची नक्कल करत पुढे निघाले. मागे बघायचं नाही ना, म्हणून मी बघितलं नाही. मला वाटलं ते मागे हसत असतील. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "या हो यजमान, असे माझ्या मागून या!"

किती पावलं गेले मला माहीत नाही. मागून एका बाईचा आवाज आला, अहो काकू. मी वळले तेव्हा ते वाटेच्या कडेला बसल्यासारखे होते, एक हात जमिनीवर. माझ्याकडेच बघत होते. मी पोचेपर्यंत बघत होते. मग नाही.

डॉक्टर म्हणाले, नळ्या बऱ्याच दिवसांपासून बंद होत आल्या असणार. चालताना छाती भरून येत असणार, थांबलं की उतरत असणार. काही आधी जाणवलं नाही का, त्यांनी मला विचारलं.

लेस सुटत नव्हती गं. ते ऐकतही नव्हते. त्यांना बोलता येत नव्हतं. आणि माझ्यासाठी हळू चालत नव्हते. मी त्यांच्या शेजारून गाणं म्हणत होते.

दहाव्याला रामकुंडावर ढुंढिराज भाऊजी, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझ्याजवळ येऊन बसले आणि रडायला लागले. संक्रांतीला विश्वेश त्यांना म्हणाले होते, "चालताना छातीत जड होतं. पण सुधाच्या हृदयाच्या गोळ्या चालू केल्यात, होईल बरं." भाऊजी म्हणाले, डॉक्टरला दाखव. तर म्हणे, "मला झोपवतील आणि तिचं चालणं बंद पडेल. मी नसलो तर ती एकटी जायची नाही. तिचं पक्कं होऊ दे, मग बघू. तिला सांगू नकोस."

त्यांच्या ऑफिसच्या जुन्या बॅगेत तीन रिकाम्या बाटल्या मिळाल्या. चौथी अर्धी, पाचवी न उघडलेली. दिवसाला तीन-तीन घेत होते, असं हिशेबाने दिसतं. शेजारी पित्ताच्या पुड्या. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांनी अपायही केला नसेल, उपायही नाही. फक्त त्यांच्या भरवशावर ते थांबून राहिले.

तुला दोष देत नाही. तू मला पाठवल्या होत्यास.

सुधा


येवला
१५ एप्रिल २०२४

सुधे,

आठ दिवस हे पत्र लिहितेय. डोळ्याला ताण देऊ नका म्हणतात, पडू दे.

खोडलेली ओळ ही होती: "सुधा, विश्वेशरावांना एकदा डॉक्टरकडे ने, लेस इतकी सुटत नसते."

मला कळलं होतं. तुझं पत्र वाचता वाचता कळलं. आठवतं, आपण नववीत होतो, माझे बाबा मला शाळेतून न्यायला यायचे? शेवटच्या वर्षी ते दर दुकानासमोर उभे राहायचे. कपड्यांच्या, पुस्तकांच्या. मला वाटायचं, माझ्यासाठी काही घ्यायचा विचार करताहेत. एकदा भांड्यांच्या दुकानासमोर उभे राहिले आणि मी हट्ट करून एक डबा घेतला. तो अजून माझ्याकडे आहे. अनारसे त्यातच पाठवले होते. बाबा गेल्यावर डॉक्टरांनी आईला सांगितलं, ते दम घ्यायला थांबत होते.

तरी मी ओळ खोडली. का, ते प्रामाणिकपणे सांगते. तू लिहिलं होतंस, ते मी कशी सोडू. मला वाटलं, हिला इतक्या वर्षांनी मिळालंय, मी इथून येवल्याहून त्यावर पाणी ओतू? दुसरंही आहे. मला थोडा हेवा वाटत होता. मला भीती वाटली की मी हेव्यापोटी लिहितेय. म्हणून खोडली.

पत्र पंधराला तुला मिळालं असणार. अठरा यायला तीन दिवस होते.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. मला लिहायची लाज वाटते.

सुवर्णा


नाशिक
२१ एप्रिल २०२४

सुवर्णा,

ते मी आधीच वाचलं होतं. पत्र मिळालं त्याच दिवशी खिडकीच्या काचेला लावून बघितलं. "विश्वेशरावांना एकदा" इतकंच दिसलं. मला वाटलं, त्यांना येवल्याला घेऊन ये असं काही लिहिलं असशील आणि घरच्यांच्या अडचणीने खोडलं असशील.

आता काही दिवस लिहू नकोस.

सुधा


येवला
९ ऑगस्ट २०२४

सुधे,

साडेतीन महिने तुझा शब्द पाळला. आता मोडते. तेजश्रीने धवलला फोन केला होता. विश्वेशराव गेल्यापासून तू ट्रॅकवर पाऊल ठेवलेलं नाहीस. आरोहीचे फोन घेत नाहीस. मागच्या आठवड्यात जिना चढताना बसावं लागलं, शेजारच्या भागीबाईंनी हाताला धरून वर नेलं. औषधंही दोनदा राहून गेली.

विश्वेशरावांनी स्वतःचं दुखणं लपवलं ते चुकलंच. पण कशासाठी लपवलं ते तूच मला लिहिलं आहेस. ते तू आता वाया घालवतेयस. हे मी खोडणार नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीने येतेय. द्वारका चौकात उतरेन, तिथून रिक्षा करेन. घ्यायला येऊ नकोस. दार उघड, एवढं कर. नाही उघडलंस तर पायरीवर बसेन. मला ऐकू येत नाही, त्यामुळे तू आतून काहीही म्हटलंस तरी चालेल.

सुवर्णा


नाशिक
३० ऑगस्ट २०२४

सुवर्णा,

तू गेलीस आणि घर पुन्हा तसंच झालं. तुझा चष्मा पुसायचा फडका माझ्या उशीखाली राहिलाय, तो पाठवणार नाही.

तू पंधरा दिवस राहिलीस. पहिल्या दिवशी मी ट्रॅकच्या फाटकाशी उभी राहिले आणि पाय उचलेना. तू माझा हात धरलास, चॅपलच्या रांगेत धरायचीस तसा, बोटांत बोटं घालून. म्हणालीस, "दर पाच मिनिटांनी विचारणं मला जमणार नाही, तू काय उत्तर देशील ते मला ऐकू येणार नाही. तू नुसती बोलत राहा. तुझे ओठ हलताना मला दिसले पाहिजेत. थांबले की मी थांबेन." तुझा तो मोठा आवाज, ट्रॅकवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. चौसष्टाव्या वर्षी आपण दोघी हात धरून चाललो, मी बोलत आणि तू माझ्या तोंडाकडे बघत. दोनदा तू खड्ड्यात जाता जाता वाचलीस.

त्या जागेपाशी आलो की तू दर वेळी नदीच्या बाजूला व्हायचीस आणि मला आतल्या बाजूला घ्यायचीस. ते मला कळत होतं.

आरोहीला घड्याळ दाखवून आले. आकडे वाईट आहेत, पण ती म्हणाली, "आजी, आलात ना, आता बघू." उद्यापासून एकटी जाईन. तुला शब्द दिलाय.

तुझ्यावरचा राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. थोडा आहे. माझ्यावरचा तर जायचा नाहीच. पण खिडकीच्या काचेला लावून मी ती ओळ वाचली आणि मला हवा तो अर्थ काढला. तू स्वच्छ लिहिली असतीस तरी मी तेच केलं असतं का? मला माहीत नाही. रोज विचारते स्वतःला.

आता एक सांगायचंय. पंधरा दिवस मी चालताना अखंड बोलत होते आणि तू बघत होतीस. तुला ओठ वाचता येतात, तेव्हा तुला कळलंच असणार, फक्त तू म्हणाली नाहीस. मी तुझ्याशी बोलत नव्हते गं. शाळेचं नाही, आईचं नाही, काहीच सांगत नव्हते. घड्याळ न बघता, पाच मिनिटं व्हायची वाट न बघता, एकच विचारत होते. त्यांनी मला रोज आठ वेळा विचारलं आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही, ते.

अहो, बोलता येतंय ना?

तुझी
सुधा